इमलवर राज्य हाय

भागीकाकीने एकदा बांधकाम खात्याच्या मोठ्या साहेबांची जीप आंबेनळी घाटात अडवून धरली होती. वर दरड सुटली होती, दगड अजून गडगडत होते, आणि काकी रस्त्याच्या मधोमध लाल झेंडा धरून उभी होती. साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "मला ओळखत नाहीस का?"

काकी म्हणाली, "वळखते की. पन साहेब, दरड वळखत नाय."

साहेब गुपचूप जीपमध्ये जाऊन बसले.

ही गोष्ट काकीने आम्हा पोरांना निदान पन्नास वेळा सांगितली असेल. पहिल्यांदा ऐकली तेव्हा जीप अर्धा तास थांबली होती. मी सातवीत गेले तोवर साहेब घाटातच जेवायला लागले होते.

तुम्ही दोघं नातवंडं परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होतात, की शनिवारी चार ते पाच तुमची खेळायची वेळ आहे आणि ती दोन्हीकडच्या आयांनी फोनवर ठरवली आहे. आमची वेळ कोणी ठरवली नव्हती, पण पंच मात्र ठरलेला होता. त्या पंचाबद्दल लिहून ठेवायचं माझ्या मनात बरेच दिवस आहे.

पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, तिथून थोडं पुढे रस्त्याच्या मजुरांच्या सात खोल्या होत्या. माझे बाबा मैलकुली होते. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात. त्यातले खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी ठेवायची, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावायचा. खोल्यांसमोर सपाट माळ होता. माळावर खडीचे ढीग, डांबराची रिकामी पिंपं आणि चाक रुतून कायमचा बसलेला एक रोलर. मी पुढे बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, मैदानं पुष्कळ पाहिली, पण याच्या तोडीचं एकही नाही. संध्याकाळी आमचे तळपाय इतके काळे असायचे की बाबा आपले पाय रॉकेलने पुसून झाले की तीच चिंधी आमच्याकडे फेकायचे.

भागीकाकी शेवटच्या खोलीत एकटी राहायची. रोजंदारीवर खडीच्या पाट्या उचलून तिची कंबर धरली, तेव्हा मुकादमाने तिच्या हातात झेंडे दिले. एक लाल, एक हिरवा. बाईच्या हातात झेंडा म्हणून सुरुवातीला ट्रकवाले हसले. आठवड्याभरात हसायचे थांबले.

संध्याकाळी काम सुटलं तरी तिच्या हातातून झेंडा सुटत नसे. चुलीवरचं कालवण उतू जायला लागलं की ती आधी लाल झेंडा दाखवायची, मग धावायची. शेजारच्या शेळ्या तिच्या दारातल्या अळूवर आल्या की तेच. आणि मला अजून शपथेवर सांगता येईल की शेळ्या थांबायच्या.

तिचा नवरा फार वर्षांपूर्वी मुंबईला गिरणीत गेला होता, तो आलाच नाही. कोणी विचारलं तर काकी म्हणायची, "मी त्याला हिरवा झेंडा दाखवला. आता गाडी परत आली नाय, त्याला मी काय करू?" सगळे हसायचे. तीही हसायची. मग विषय बदलायचा.

रोज साडेपाचला ती एका पिंपावर चढून बसायची आणि आमचा खेळ चालवायची. खेळ म्हणजे डबा ऐसपैस. तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. ज्याच्यावर राज्य, तो डब्याची राखण करतो. दुसरा कोणीतरी डबा लांब भिरकावतो. राज्यवाल्याने पाठमोरं चालत तो आणून रिंगणात ठेवायचा, तेवढ्या वेळात बाकीचे लपतात. मग एकेकाला शोधायचं, नाव घ्यायचं आणि डब्यावर पाय आपटून 'ऐसपैस' म्हणायचं. सगळे सापडले की राज्य दुसऱ्यावर जातं. पण मध्येच कोणी धावत येऊन डबा उडवला, तर राज्य आधी ज्याच्यावर होतं त्याच्यावरच राहतं.

काकी स्वतः कधी खेळली नाही. फक्त निवाडा करायची. "झेंडा पडला!" असं ओरडून लाल झेंडा खाली आणला की विषय संपला. अपील नाही. आम्ही अंगठा दाखवून 'टॅम्प्लीज' म्हणायचो, तेही तिला मंजूर नव्हतं. "दरड येताना टॅम्प्लीज म्हनशील काय रे? चल, पळ!"

तिचा सगळ्यात कडक नियम एकच होता. राज्य दिल्याशिवाय कोणी खेळ सोडायचा नाही. अंधार पडला, तर उद्या तिथूनच पुढे. आजारी पडलास, तर बरा झाल्यावर. आमच्याकडे पाऊस चार महिने खेळ बंद ठेवायचा. दसऱ्याला माळ सुकला की काकी पिंपावर चढून हाक मारायची, "जेठात नाम्यावर राज्य व्हतं. नाम्या, ये रे फुडं!" नाम्या म्हणजे शेजारचा, आमच्यातला सगळ्यात चपळ पोरगा. तो बिचारा मधल्या काळात एक इयत्ता चढलेला असायचा, पण राज्य सुटायचं नाही.

मी बारा वर्षांची झाले त्या दिवाळीनंतर आईने एका सकाळी भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "इमल, आजपासून माळावर जायचं नाय. मोठी झालीस. पोरांबरोबर पिंपांमागं लपतेस, ते काय बरं दिसतं? मी तुझ्याएवढी व्हते तवा घर सांभाळत व्हते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला कळलं की हे पक्कं आहे. शाळेतून आल्यावर मी पाणी भरलं, तांदूळ निवडले आणि बाहेरचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून उगाच भांडी घासत बसले.

पण बाहेर आवाजच येत नव्हते. थोड्या वेळाने दारात झेंडा दिसला, त्यामागे काकी, आणि तिच्यामागे सगळी पलटण.

"वयनी," काकी म्हणाली, "खेळ अडलाय. इमलवर राज्य हाय."

आई म्हणाली, "तिचा खेळ संपला भागीबाय. दुसऱ्या कोनावर द्या."

"आसं कसं देऊ? काल अंधार पडला तवा हिच्यावर व्हतं. राज्य टाकून कोन घरात बसतं?"

"पोरीची जात हाय."

"राज्याला जात नसते."

बाबा पायरीवर बसून पायाचं डांबर काढत होते. ते अशा वेळी कधी बोलत नसत. त्या दिवशी मान वर न करता म्हणाले, "राज्य टाकून येनं बरोबर नाय. मी पन कंदी टाकलं नाय. तेवढं देऊन येऊ दे."

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं. राज्य दिलं की बास. मग पुन्हा नाव काढायचं नाय."

"झेंडा पडला," काकी म्हणाली.

मी माळावर गेले खरी, पण हिशेब काही जुळेना. हरले तर राज्य राहणार, जिंकले तर खेळ कायमचा संपणार. मुद्दाम हरावं असंही मनात आलं. पण ती विद्या काकीने आम्हाला शिकवलीच नव्हती. डबा रिंगणात ठेवला आणि डोळे आपोआप पिंपांमागे भिरभिरायला लागले. एकेक करून मी सगळे शोधले. शेवटी रोलरमागे नाम्याचं डोकं दिसलं. मी धावले, डब्यावर पाय आपटला, "नाम्या ऐसपैस!" म्हणाले आणि मला रडू फुटलं.

"झेंडा पडला!" काकी ओरडली. "डबा आदी उडला. राज्य इमलवरच!"

आम्ही सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. डबा माझ्या पायाखाली होता.

नाम्या सरळ स्वभावाचा. तो म्हणाला, "काकी, डबा उभा हाय की!"

"उभा दिसतोय. उडून परत बसला."

"मी बघितला नाय उडताना."

"तू रोलरमागं व्हतास. तुला काय दिसनार?"

मोठ्या साहेबांपुढे न वाकलेली बाई भर उजेडात खोटं बोलत होती, आणि तेही किती वाईट बोलत होती! मी घरी गेले. आईने विचारलं, "दिलंस राज्य?" मी म्हणाले, "नाही. उद्या."

मग रोज तेच सुरू झालं. काकीला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे रोज नवं कारण शोधताना तिचे हाल व्हायचे. एकदा म्हणे नाव घेताना मी शिंकले. एकदा माझी सावली रिंगणाबाहेर होती. एकदा एस.टी.चा हॉर्न वाजला, तो डाव धरायचा नाही. एकदा तर काहीच सुचेना, तेव्हा तिने नुसताच झेंडा खाली आणला आणि आभाळाकडे बघत बसली. पोरांना पहिल्या चार दिवसांतच सगळं कळलं होतं. कोणी भांडेना. उलट नाम्याच कधी कधी मदतीला धावायचा, "व्हय काकी, मीपन बघितला. उडला डबा!"

असे चार महिने गेले. पंचाला आणि आम्हाला सोडून वस्तीत बाकी सगळ्यांचं मत एकच झालं होतं, की मैलकुल्याची पोर फार मठ्ठ आहे. पाणवठ्यावर कोणीतरी आईला तसं बोलून दाखवलं. आईला माझी मठ्ठपणाची कीर्ती सहन होईना. वर्गात माझा पहिला नंबर असायचा, ते तिला ठाऊक होतं.

होळीच्या आदल्या संध्याकाळी ती पाण्याची कळशी कमरेवर घेऊन माळाच्या कडेला येऊन उभी राहिली. मी तिला पाहिलं, पण डाव सुरू झाला होता. मी एकेक शोधला. शेवटी नाम्याचं नाव घेतलं आणि डब्यावर पाय आपटला. सगळे पिंपाकडे बघत होते.

काकीने झेंडा उचलला. तो तसाच वर राहिला.

"भागीबाय," आईने विचारलं, "डबा उडला का?"

काकी पिंपावरून उतरली. कंबर धरत, सावकाश. "नाय उडला," ती म्हणाली. "आज नाय, काल नाय. दिवाळीपासून येकदापन नाय उडला. तुझी पोर लई हुशार हाय, वयनी. मीच लबाडी केली."

"आन् ती कशापायी?"

"राज्य गेलं की ही गेली. मग ती बारकी शेवंती मोठी व्हईल, ती जाईल. मग पोरं शाळेच्या मागं लागतील." तिने झेंड्याच्या काठीवरची धूळ पदराने पुसली. "दिवसभर मी रस्त्यावर लोकांना नुसती थांबिवते, वयनी. थांबतात, शिव्या देतात, जातात. सांच्याला येवढी पोरंच माझी वाट बघतात."

मला वाटलं, आता आई मला हात धरून घरी नेणार. तिने कळशी खाली ठेवली. पाणी सांडू नये म्हणून तळाशी दगड लावला. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. मग ती चालत माझ्यापर्यंत आली आणि मला म्हणाली, "पाय काढ."

मी पाय काढला. आईने डब्याला अशी लाथ घातली की तो खडीच्या ढिगावरून उडून खाली उतारावर खणखणत गेला.

पोरं ओरडायचीसुद्धा विसरली. काकीचा झेंडा हातातच राहिला. पहिल्यांदा आवाज फुटला तो नाम्याला, "उडला! काकी, आज खरा उडला!"

"मग बघताय काय?" आई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "इमल, जा, डबा आन. आन् मी कुठं लपू?"

काकीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रोलरमागं. मला कोनी खेळाय घेतलं असतं, तर मी तिथंच लपले असते."

"मग चल की. कोन नको म्हनतंय?"

मी उतारावरून डबा आणला आणि नियमाप्रमाणे पाठमोरी चालायला लागले. मागे पळापळ ऐकू येत होती. झेंडा कोणीतरी पिंपात उभा करून ठेवला होता. रोलरकडून दोन बायकांची कुजबुज येत होती, आणि एवढ्या मोठ्याने कुजबुजलं तर लपून काय उपयोग, हे त्यांना सांगायला कोणी नव्हतं.

"सरक गो जरा, माझं लुगडं दिसतंय."

"दिसू दे, वयनी. बस निवांत. ती सावकाश येनार हाय."

मी आणखी सावकाश चालले.