लुपेच्या दुकानात मोघे काका

मोघे काका मेक्सिकन दुकानदारणीशी मराठीत बोलतात. हातवारे करत किंवा एकेक शब्द तोडत नव्हे. मंडईत भाजीवाल्याशी बोलावं तसं, घासाघीस करत, टोमणे मारत, खणखणीत सातारी मराठीत. ती स्पॅनिशमध्ये उत्तर देते, काका त्यावर मराठीत शंका काढतात, ती पुन्हा स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणते आणि शेवटी पिशवीत नेमकं काकांना हवं तेच पडतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अमेरिकेत येऊन मला जेमतेम चार तास झाले होते. विमानात कानाला दडे बसतात हे ऐकून होतो, त्यातलाच हा प्रकार असावा असं वाटलं.

मी मूळचा सांगलीचा. एमएस करायला एल पासोला आलो. हे शहर टेक्सासच्या पार टोकाला, नदीपलीकडे मेक्सिको. येण्याआधी सहा महिने मी इंग्रजी घोटलं होतं. आरशासमोर उभं राहून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ची उत्तरं दिली होती. इथे आल्यावर पाहतो तर मला कोणी इंग्रजीत काही विचारायलाच तयार नाही. माझा वर्ण आणि केस पाहून लोक मला आपलाच समजत आणि धडाधड स्पॅनिश सुरू करत. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म कसा भरायचा ते स्पॅनिशमध्ये समजावलं. बसस्टॉपवर एका आजीने मला दहा मिनिटं काहीतरी दुःखद सांगितलं. मी मान हलवत राहिलो. जाताना तिने माझ्या कपाळावर हाताने क्रॉस काढला. कोणाचं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

काकांकडे मी उतरलो होतो तो आईच्या ओळखीने. आईच्या शाळेतल्या बाईंच्या नणंदेचे हे थोरले दीर. महिनाअखेरीस अपार्टमेंट मिळेपर्यंत राहायचं ठरलं होतं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, तो विषय काढू नकोस, एवढं आईने बजावलं होतं. मी काढला नाही आणि काकांनीही काढला नाही.

काका विद्यार्थ्यांना नावाने ओळखत नाहीत, गावाने ओळखतात. मी ‘सांगली’. माझ्या आधी एक ‘जळगाव’ राहून गेला होता, तो बाथरूममध्ये फार वेळ लावायचा म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाडीत घालून शहर दाखवलं. विद्यापीठ लांबून दाखवलं. कोथिंबीर कुठे चांगली मिळते ते मात्र एका छोट्या दुकानात उतरून दाखवलं. मग एका टेकडीवर नेऊन नदीपलीकडच्या घरांकडे बोट केलं आणि म्हणाले, “ते बघ, परदेश.” सामानाच्या दोन बॅगा आणि आईचे अश्रू घेऊन मी नक्की कुठे आलो होतो ते विचारायचं राहून गेलं.

त्यांचं पालुपद एकच, “मधे कशाला?” पोळी आणि भाजीच्या मधे ताट कशाला, म्हणून ते ओट्याशी उभे राहून कढईतूनच जेवत. रात्र आणि सकाळच्या मधे कपडे कशाला बदलायचे, म्हणून ज्या शर्टात झोपत त्याच शर्टात फिरायला जात. मराठीचं विचारलं तेव्हाही हेच. “त्यांची स्पॅनिश त्यांच्याकडे, माझी मराठी माझ्याकडे. मधे इंग्रजी कशाला?” मी मनात म्हटलं, तीस वर्षं इथे काढून या माणसाला चार शब्द शिकता आले नाहीत, आणि ते झाकायला केवढं तत्त्वज्ञान.

दर शनिवारी काका त्याच, लुपेच्या दुकानात जात. घरापासून गाडीने दहा मिनिटांवर तिचं छोटं किराणा-भाजीचं दुकान आहे. लुपे साठीची, ठेंगणी, कायम ॲप्रनमध्ये. काका तिला थेट ‘अगं लुपे’ म्हणत. मी पिशवी धरून मागे उभा राही आणि आपल्याला कोणी ओळखत नाही याबद्दल देवाचे आभार मानी.

दुसऱ्या शनिवारी देवाने हात वर केले. मागे रांगेत माझ्या वर्गातली दोन मुलं येऊन उभी राहिली. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये शिरायला मी आदल्याच दिवशी त्यांच्यापुढे भरपूर इंग्रजी पाजळलं होतं. त्यांनी मला हात केला आणि नेमकं तेव्हाच काकांचं सुरू झालं.

“अगं लुपे, ही कोथिंबीर कालची दिसते. ताजी मागे ठेवली असशील, ती काढ. आणि मिरच्या परवासारख्या मिळमिळीत नकोत, आमच्याकडे...”

मुलं एकमेकांकडे पाहून हसली. मी पुढे झालो आणि काकांचं वाक्य तोडून लुपेला इंग्रजीत सांगितलं की यांना ताजी कोथिंबीर आणि तिखट मिरच्या हव्यात. वर सॉरी म्हणालो, त्यांचं वय झालंय.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हातातली जुडी काउंटरवर ठेवली आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

लुपेने ॲप्रनला हात पुसले. मग हळूहळू इंग्रजीत मला सांगितलं की या माणसाचं स्पॅनिश तिच्या मुलापेक्षा चांगलं आहे. शहराच्या पाणीखात्यात त्याने मेक्सिकन माणसांबरोबर सगळी नोकरी काढली. आत्ता बोलत होता ते बोलणं त्याचं नव्हे, सुमनचं. सुमन दर शनिवारी इथे उभी राहून हेच बोलायची. “आधी काही कळायचं नाही,” लुपे म्हणाली, “पण वीस वर्षं ऐकलं की कळतं.”

सुमन म्हणजे काकू. मला तिथे उभं राहवेना. बाहेर आलो तर काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, गाडी सुरू न करता. मी शेजारी बसलो आणि चुकलं म्हणालो.

“मागे कोण होते? मित्र?”

“वर्गातले आहेत.”

“लाज वाटली तुला.”

मी हो म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“मलाही वाटायची,” काका म्हणाले. “तिला ना इंग्रजी आलं, ना स्पॅनिश. हिला मराठीच बोलायचं. लोक बघायचे. मग ती तोंड उघडायचा अवकाश, मी मधे घुसून स्पॅनिशमध्ये सांगून टाकायचो. वीस वर्षं. एक वाक्य तिला पुरं करू दिलं नाही रे. मधे कोण होतं, तर मीच. ती गेल्यावर इथे आलो, तर माझ्या तोंडून तिचंच निघालं. आणि लुपेने सगळं बरोबर काढून दिलं. म्हणजे लुपेला कळत होतं, माझी गरजच नव्हती. आता मी तिची वाक्यं पुरी करतो. बरीच राहिलीत अजून.”

मला रडू येत होतं आणि स्वतःची शरमही वाटत होती. म्हणून कामाचं तेवढं बोललो. म्हटलं, काका, मिरच्या घ्यायच्या राहिल्यात.

आम्ही परत आत गेलो. मुलं अजून होती, त्यांची खरेदी चालू होती. काकांनी तीच जुडी उचलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अगं लुपे, ही कोथिंबीर कालची दिसते. लुपे काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून ऐकू लागली, तिला जणू दुसरं काही कामच नव्हतं. मिरच्यांवरून बोलणं मुंबईच्या कुठल्याशा लग्नातल्या रश्श्यावर गेलं, तिथून सासूबाईंवर.

वर्गातला एक मुलगा माझ्याजवळ सरकला आणि हळूच इंग्रजीत विचारू लागला, हे काय बोलतायत?

“माझे काका आहेत,” मी म्हणालो. “थांब, त्यांचं पुरं होऊ दे.”