मयत विश्वस्त अण्णाजी नऊ वर्षे सभेस हजर राहिले त्याची हकीकत

चाकाच्या खुर्च्या अकरा.

टोपीत चिठ्ठ्या.

पाण्याची गादी घडी करून ठेवू नये, चिरते.

माणसे सहा, चहाचे कप सात.

शनिवारी न्यायालयास सुट्टी.

हे सर्व एका दोऱ्यात ओवणारा जो कोणी असेल त्यास नमन करून, आणि वाचणाऱ्यांचे गुडघे धड राहोत ऐसे चिंतून, लिहावयास घेतले.

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, कार्तिक मासी एका दौलतीत, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, वकील मंडळींची मजलस बाररूममध्ये भरली आणि मसलत ठरली की, आपण वर्षभर थोरामोठ्या कंपन्यांचे कज्जे लढतो, परंतु ज्या संस्था लोकांची सेवा करितात त्यांस वकील देणे परवडत नाही, तर प्रत्येकाने एक संस्था पत्करावी आणि शनिवारी तिचे काम विनामोबदला करावे. मग संस्थांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकिल्या, आणि रेश्मा मुजावर वकीलबाई, ज्यांचे नाव ऐकताच समोरचा पक्ष तडजोडीस येत असे, त्यांनी हात घातला तो रुग्णोपयोगी साहित्य केंद्र निघाले. म्हणजे आजाऱ्यांस खाटा, वॉकर, कुबड्या उसन्या देण्याची जागा. सोबतचे गुजर वकील हसून बोलिले, "बाई, मला शाळा लागली, तुम्हाला कमोडची खुर्ची!" बाई बोलिल्या, "हसा. पाय मोडला की माझ्याच अशिलाच्या दारात याल."

मग शनिवारी बाईंची स्वारी स्कूटरवरून केंद्राच्या गाळ्यापाशी दाखल जाहाली, आणि केंद्राच्या कार्यवाह यमुताई देवस्थळी, वय वर्षे बहात्तर, यांनी नगरपालिकेचे पत्र पुढे ठेविले. त्यात मजकूर ऐसा जे, पंधरा दिवसांत विश्वस्तांची चालू यादी धर्मादाय कचेरीच्या शिक्क्यानिशी सादर करावी, न केल्यास गाळ्यास कुलूप पडेल. आणि त्या गाळ्याखेरीज खाटा ठेवण्यास दुसरी जागा नव्हती.

"यादी तर आहे," यमुताई बोलिल्या. "सात जण."

"सातही जण सही करतील ना?"

यमुताई पदर सारखा करू लागल्या. "सहा करतील. अण्णाजी खटावकर गेले ना."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली."

वकीलबाईंनी प्रोसिडिंग बुक उघडिले आणि पाहतात तो, मागील महिन्याच्या सभेचा मजकूर येणेप्रमाणे:

उपस्थित: अण्णाजी खटावकर व इतर सहा.
ठराव: खाटांच्या चाकांस तेल द्यावे.
सूचक: अण्णाजी खटावकर.

"यमुताई, हे काय आहे?"

"अहो, ते गेल्यावर पहिल्या सभेत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायला माझा हात झाला नाही. मग राहिलंच. त्यांची खुर्ची ठेवतो, चहा ओततो. आणि काही अडलं की आम्ही विचार करतो, अण्णाजी काय म्हणाले असते? ते सुचलं की त्यांच्या नावावर लिहितो. खोटं कसं म्हणायचं त्याला?"

"आणि तो चहा कोण पितं?"

"आमचे एक विश्वस्त, भास्करराव. साखर जास्त असते ना त्यात."

बाईंनी कपाळास हात लाविला, मग हसू आवरेना. परंतु मसलत बिकट होती. नाव काढण्याचा ठराव करून, उशिराची माफी मागून, चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, धर्मादाय कचेरीत दाखल करणे हाच मार्ग. म्हणून दुसरे दिवशी सभा बोलाविली, आणि सहाही विश्वस्त जमले, आणि बाईंनी विचारिले, "सूचक कोण?" तेव्हा सर्वजण पंख्याकडे पाहू लागले. मग भास्करराव घसा खाकरून बोलिले, "हा अवघड ठराव अण्णाजींनीच मांडावा. ते बरोबर समजून घेतील."

"भास्करराव!" बाई ओरडल्या. "ह्याचसाठी तर आपण आज बसलोय!"

मग यमुताई उठल्या, आणि चष्मा पुसला, आणि पुन्हा पुसला, आणि "सूचक, यमुना देवस्थळी" ऐसे लिहून सही केली.

मग दहावे दिवशी धर्मादाय कचेरीत सुनावणी जाहाली. अधिकारी साहेबांनी बुक चाळिले आणि भुवया चढवून बोलिले, "मयताच्या नावावर कारभार? ही तर सरळ फसवणूक दिसते."

रेश्माबाई उभ्या राहिल्या. "साहेब, फसवणारा आधी खोटी सही करतो. आपण सहीचा रकाना पाहावा. नऊ वर्षांत अण्णाजींच्या नावापुढे एकही सही नाही, अंगठा नाही. आणि कोरम चार जणांचा. दर सभेला सहा जिवंत माणसं सह्यांनिशी हजर आहेत. अण्णाजींना वगळलं तरी एकही निर्णय पडत नाही. यांनी फक्त एका माणसाला गैरहजर म्हटलं नाही."

साहेब पाने उलटीत गेले, आणि रकाना खरोखर कोरा. मग यमुताईंकडे वळून बोलिले, "आजी, अण्णाजींची प्रत्येक सूचना मंजूर?"

"एक सोडून."

"कोणती?"

"सगळ्या खुर्च्यांना लाल रंग द्यायची. मी विरोध केला. आजारी माणसाला कशाला भडक रंग?"

"मेलेल्या माणसाला विरोध केलात?"

"मग? चूक ती चूक."

साहेबांनी तोंडास रुमाल लाविला आणि शिरस्तेदारही खाली वाकून हसू लागले. मग आज्ञा जाहाली की, उशीर माफ, बदल मंजूर, पुढे हजेरी फक्त श्वास घेणाऱ्यांचीच मांडावी. शिक्क्याची यादी बाराव्या दिवशी नगरपालिकेत पावली आणि गाळा केंद्राकडे राहिला. वकीलबाईंनी मोबदला काही घेतला नाही, उलट सहा महिन्यांत गुजर वकील जिन्यावरून घसरले तेव्हा त्यांस कुबड्या स्वहस्ते नेऊन दिल्या, आणि उंची मोजताना बहुत हसल्या.

सारांश, शनिवार सत्कारणी लागले, गाळा वाचला, आणि सातव्या जागी रीतसर निवडलेला माणूस आला. येणेप्रमाणे जे घडले ते लिहिले.

अण्णाजी वारले तो बुधवार होता, आणि त्या दिवशीही केंद्र नेहमीप्रमाणे दहा वाजता उघडले होते.