उन्हाचा भात

"बाबा, दर पाव तासाने काच पुसा. डब्याचं झाकण मात्र उघडू नका!" मैनाने बजावलं आणि ती कॉलेजच्या सरांना आणायला एसटी स्टँडवर गेली.

गच्चीवर तिची सूर्यचूल होती. लाकडी पेटी, वर काच, आत काळ्या रंगाच्या डब्यात सकाळपासून ठेवलेले तांदूळ आणि पाणी. सुट्टीतल्या संशोधनासाठी कॉलेजने मोजक्याच मुलांना अशा पेट्या दिल्या होत्या. आज सरांना शिजलेला भात दिसला तर मैनाचं काम पुढे चालणार; नाहीतर पेटी दुसऱ्या कुणाला जाणार.

मैनाच्या बाबांची, म्हणजे चांगदेवची, थोरली बहीण शेजारीच राहायची. ती डोकावली. "चांगू, उन्हानं भात शिजला असता तर आपल्या निजामपुऱ्यातली माणसं कवाच शिजली असती!"

"गप गं आक्का. पेटीला काच हाय," चांगदेव म्हणाला. काचेने काय होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तो रात्रपाळी करून आला होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत टेकला आणि घोरू लागला. आजूबाजूच्या यंत्रमागांचा कापूस उडतच होता. तासाभराने आक्काने त्याला हलवलं.

"ऊठ! पेटीला गोधडी कुणी घातली?"

काच पांढरीफेक झाली होती.

"मेलो! भात कच्चाच ऱ्हायला असंल!"

मैनाने रंगवलेला दुसरा डबा घरात होता. चांगदेवने त्यात तांदूळ घातले आणि स्टोव्हला असा पंप मारला की आक्का दोन पावलं मागे सरली. भात झाला. तो डबा पेटीत गेला, काच पुसली गेली आणि पहिला डबा न उघडताच टोपल्याखाली लपला.

सर आले. झाकण काढून त्यांनी वास घेतला.

"शिजलाय. पण करपलाय. मैना, या पेटीत भात करपतच नाही. हा स्टोव्हवरचा आहे."

"बाबा!"

"झोप लागली गं," चांगदेव पुटपुटला. सरांनी वही मिटली.

"वही मिटा, पन जेवल्याबिगर जायाचं न्हाय," आक्का म्हणाली आणि घरून वालाची आमटी घेऊन आली. करपलेला भात पाहुण्याला वाढायचा कसा? चांगदेवने नाइलाजाने टोपल्याखालचा डबा काढला. आतल्या भाताकडे न बघताच आक्काने तो वाढला.

सरांनी एक घास घेतला. मग भराभर चार.

"वा! मऊ आणि मोकळा. कुणी केला?"

बायको गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून चांगदेवच्या भाताला कुणी बरं म्हटलं नव्हतं. 'मी' हा शब्द अगदी ओठांवर आला. समोर मैना ताटात नुसती बोटं फिरवत होती.

"म्या न्हाय, सर," तो म्हणाला. "उन्हानं केलाय. तो पेटीतला पयला डबा. काच झाकायच्या आदीच शिजला असंल."

मैनाने मान वर केली. सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी भाताचं शीत चिमटून बघितलं, डाव्या हाताने वही उघडली आणि वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'भात पूर्ण शिजला.' मग ताट पुढे केलं.

"आक्का, तळाचाही वाढा. तो तपासल्याशिवाय सही कशी करू?"