मोर्व्हालच्या चौकात गणपती

प्रल्हाद रंगाचा डबा घेऊन घरी आला आणि डायनिंग टेबलाकडे बघताच त्याचं डोकं फिरलं. लेकीच्या, इशिताच्या, फ्रेंचच्या प्रोजेक्टसाठी त्याने तिथे थर्मोकोलचं मोर्व्हाल उभारलं होतं. फ्रान्समधलं एवढंसं गाव, पण बाराव्या शतकातलं चर्च, दगडी पूल, ओढ्याकाठचं धुणं धुवायचं छप्पर, चौकात युद्धस्मारक, काही म्हणून सोडलं नव्हतं. आता त्या चौकात गणपती बसला होता. स्मारकात उदबत्त्या खोचल्या होत्या आणि पुलावर मोदकांचं ताट होतं.

"सुवर्णा, ती मूर्ती उचल. सोमवारी हे शाळेत द्यायचंय."

पूजा सांगायला आलेले नरेंद्रकाका शांतपणे म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झाली. आता पाच दिवस तो जागचा हलायचा नाही."

प्रल्हादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निदान कडेचं चर्च तरी कापून घेतो म्हणून तो सुरी घेऊन आला, तर काकांनी असं बघितलं की सुरी मुकाट्याने जागेवर गेली. मग तो बायकोवर बरसला. वीकेंडचे वीकेंड घालवले, क्रिकेट सोडलं, रात्री जागून त्या मेल्या गावाचा इतिहास वाचला. आता पोरीची ग्रेड बुडाली तर कोण जबाबदार? सुवर्णा दूर्वा निवडत राहिली. त्यामुळे तो आणखीच भडकला.

संध्याकाळी आरतीला मंडळी जमली. देखावा बघून शेजारच्या कांचनवहिनींनी विचारलं, हे वेंगुर्ल्याकडचं का? झालं! प्रल्हादने दात-ओठ खात सगळ्यांना मोर्व्हाल ऐकवलं. चर्च दोनदा जळलं, पूल पुरात वाहून गेला, गावाने तो वर्गणी काढून पुन्हा बांधला. मोदक हातात धरून लोक मुकाट ऐकत होते, खायची कोणाची छाती होईना.

पाहुणे गेल्यावर त्याने इशिताला जवळ घेतलं. "सोमवारी मी स्वतः तुझ्या टीचरशी बोलतो."

"बाबा, नको. मी माझं शुक्रवारीच सबमिट केलं."

"तुझं? कुठलं तुझं?"

"कॉर्नफ्लेक्सच्या बॉक्सचं. तू मला ग्लूला हात पण लावू देत नव्हतास."

प्रल्हादचा चेहरा लालबुंद झाला. तो सुवर्णाकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

सुवर्णाने समईत तेल घातलं. "मखर कर म्हटलं असतं, तर केलं असतंस?"