दिवसभराची तपासणी

प्राध्यापकांच्या स्वतंत्र खोल्या बंद करून सगळ्यांना एकाच मोठ्या दालनात बसवायचं, असा ठराव कुलगुरूंनी मांडला, तेव्हा पहिला हात वर गेला तो इतिहासाच्या सरांचा. सभागृहात कुजबुज झाली. कारण सरांना सगळे पाठीमागे ‘नकोबा’ म्हणत. नवी हजेरी नको, नवा अभ्यासक्रम नको, एवढंच काय, नवा खडूसुद्धा नको!

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं आणि विद्यापीठातली खोलीही काही वेगळी नव्हती. दालनात निदान कुणी खोकलं तरी कानावर पडेल, एवढीच त्यांची आशा होती.

नकोबाच ‘हो’ म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांचेही हात वर झाले, टाळ्या पडल्या. सोमवारी सर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन दालनात हजर झाले. दुपारपर्यंत त्यांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. दालनात मात्र वीस टेबलं आणि सर एकटेच.

त्यांनी अर्थशास्त्राच्या सरांचं दार वाजवलं. “अहो, येताय ना?”

“माझा पूर्ण पाठिंबा आहे! आधी सगळे जाऊ देत, मग मी आहेच.”

गणिताच्या मॅडम स्पष्टवक्त्या. “नोकरी टिकवायची म्हणून हात वर केला हो. पाय उचलायचं कुठे ठरलं होतं?”

भाषेच्या सरांना तर गहिवरूनच आलं. “संस्थेसाठी जीव देईन! फक्त ही खिडकी सोडवत नाही.”

सर खोली परत मागायला कचेरीत गेले. कारकून म्हणाला, “पहिला हात तुमचाच ना? आता त्या खुर्च्या मी डोक्यावर ठेवू?”

झालं! सर महिनाभर दालनात स्वतःशीच बोलत बसले.

मग एका सकाळी बातमी फुटली की कुलगुरू तपासणीला येताहेत. जो तो हाताला लागेल ती फाईल घेऊन धावत सुटला. वीसच्या वीस टेबलं भरली. गणिताच्या मॅडमनी सरांचं पेन मागितलं, अर्थशास्त्राच्या सरांनी शिळा विनोद सांगितला. त्यावर सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कुलगुरू खूश होऊन गेले आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत दालन रिकामं झालं.

शेजारच्या टेबलावरचा अर्धा कप चहा अजून गरम होता. सरांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि भाषेच्या सरांना फोन लावला.

“अहो, आतली बातमी आहे. उद्या पुन्हा तपासणी.”

“अरे देवा! पुन्हा कशाला?”

“ते काही कळलं नाही,” सर म्हणाले. “पण उद्या म्हणे दिवसभर थांबणार आहेत.”