माती न लावलेलं ताट

रिलेची दांडी अंजूच्या हाती येता येता जमिनीवर पडली, तेव्हा बीदरमध्ये अच्युतरावांच्या दिवाणखान्यात पहिला उद्गार मालतीबाईंचा निघाला.

"अहो, आता त्या ताटाचं काय?"

टीव्हीवर आशियाई स्पर्धेतली मुलींची अंतिम शर्यत चालू होती. चौघींनी पाळीपाळीने चारशे मीटर पळायचं आणि एकीने दुसरीच्या हातात दांडी द्यायची, असा प्रकार. दुसरी मुलगी धापा टाकत आली, तिसरीने, म्हणजे अंजूने, हात पुढे केला आणि दोघींच्या हातांमधून दांडी खाली गेली. अंजूने ती उचलली, जिवाच्या आकांताने पळालीही. पण बाकीचे देश पुढे निघून गेले होते. भारत आठवा आला. संघ आठच होते.

अंजू ही खटकचिंचोळीच्या धनराजची मुलगी. शिकायला बीदरला, अच्युतरावांच्या शाळेत होती. अच्युतराव गणिताचे. गणितात तिला काठावर पास करतानाच त्यांचा घाम निघाला, पण तिच्या पायांत काय आहे ते मैदानावर घड्याळ लावून पहिल्यांदा पाहिलं ते त्यांनीच. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नव्हती. वर्षभरातल्या सगळ्या देशांच्या वेळा वहीत मांडून, सरासऱ्या काढून त्यांनी भारताचं सुवर्णपदक तीन दशांश सेकंदाने पक्कं केलं होतं. दांडी पडण्यासाठी वहीत रकाना नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तर ते अच्युतराव कसले! अंजू स्पर्धेनंतर एकाच रविवारी घरी येणार, तेव्हाच तिचा सत्कार, आणि त्यात द्यायचं बिदरीचं, म्हणजे काळ्या धातूत चांदी ठोकलेलं, ताट घडवायला आठ-दहा दिवस लागतात. मग निकालाची वाट पाहून कसं चालेल? मालतीबाई नको म्हणत असताना त्यांनी वहाबमियाँच्या दुकानात आधीच ताट टाकलं होतं. मधोमध अंजूचं नाव आणि त्याखाली 'सुवर्णकन्या'. आपल्या भागात कोणाचं मन दुखायला नको म्हणून ते मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत, असं तीनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाच्या पायरीवर हजर झाले. वहाबमियाँ मान वर न करता म्हणाले, "आओ मास्टरसाब. मैं भी देखा टीवी पे."

"तेवढं एक काढता येईल का? नाव राहू दे."

"चांदी की तार ठोक के बिठाई है साब. उखाड़े तो गड्ढा पड़ता."

"मग वर एखादं फूल?"

"तीन जुबान में लिखाए तुम. तीन फूल लगते. फिर बच्ची का नाम किधर डालूँ, ताट के नीचे?"

अच्युतराव तिथंच बसले. हरून आलेल्या पोरीच्या हातात 'सुवर्णकन्या' द्यायचं म्हणजे तिची थट्टाच. त्यांचा चेहरा पाहून वहाबमियाँनी हातातली छिन्नी खाली ठेवली आणि ताट उचलून उन्हात धरलं. घासून गुळगुळीत केलेलं ते ताट सगळं एकाच करड्या-पांढऱ्या रंगाचं होतं. त्यात धातू कोणता आणि चांदी कोणती, काही कळत नव्हतं.

"मिट्टीच नै लगाते," वहाबमियाँ म्हणाले. "किल्ले की मिट्टी लगे तोच ताट काला होता और चांदी उठती. नै लगाए तो किसी के बाप को पढ़ने नै आता."

गणित सुटल्याच्या आनंदात अच्युतराव ताट पिशवीत घालून घरी आले. त्या संध्याकाळी धनराज खटकचिंचोळीहून आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "गुरुजी, पोरगी सत्काराला येईना म्हनायलीय."

"का रे?"

"तोंड कुटं दाखवू म्हंती. मोबाईलवर लोकं काय काय लिहायलेत म्हनं. खेळबी सोडते म्हनायलीय. मंगळवारी कॅम्पला जायचंय, तिकडंबी न्हाई, शेतच बघते म्हंती." धनराजने चपला काढल्या. "बारा वर्सं पळालीय ओ ती."

अच्युतरावांनी मग फोनवर शब्द दिला. सत्कार नाही, भाषण नाही, हार नाही. आपल्या घरी ये, मालतीबाईंच्या हातचं जेव आणि जा. ठरवलेला हॉल त्यांनी रद्द केला, हलगीवाल्यांनाही नको म्हणून सांगितलं. ताट मात्र रद्द करवेना. साधी भेट म्हणून द्यायचं, कोणाला काय कळतंय, असा त्यांचा हिशेब.

रविवारी अंजू आली. मान खाली घालून जेवली. तिचा फोन टेबलावर दोनदा थरथरला, तिने पालथा घातला. "ती सुमन हाय, हरियाणाची," धनराज हळूच म्हणाला. "दांडी दिली ती. चार दिस झाले फोन करायलीय, ही घेईना." गल्लीतली पाचसात मंडळी 'सहज' डोकावायला आली होती. अशा वेळी सहज येणारी माणसं संध्याकाळपर्यंत सहजच बसतात.

अच्युतरावांनी ताट तिच्यापुढे धरलं, तेव्हा शेजारचे शिवशंकर पुढे झाले. तहसील कचेरीत जन्म गेल्यामुळे दुसऱ्याचा कागद वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी ताट निरखून पाहिलं.

"अच्युतराव, फसवलं की तुमाला! बिदरी काळी असती. हे तर भाकरी खायचं ताट दिसायलंय."

"बिदरीच आहे ती."

"मग काळी कामून न्हाई?"

चाळीस वर्षं पोरांना उत्तरं विचारणारा माणूस उत्तर न येणाऱ्या पोरासारखा फळ्यापुढे उभा राहिला. आणि ही शांतता धनराजला नको तशी कळली. त्याचा चेहरा उतरला.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," तो म्हणाला. "जिंकून आली असती तर काळं दिलं असतं. हरली म्हनून अर्धवट दिलं. आमाला काय, हेबी चालतंय."

"धनराज, तसं नाही रे!" अच्युतराव म्हणाले. अपमान होऊ नये म्हणून लपवायला जावं, आणि लपवल्याचाच अपमान व्हावा! खरं सांगावं तर थट्टा, न सांगावं तर हलकटपणा. मालतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून नुसत्या पाहत होत्या. 'मी म्हणाले होते' हे त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हतं.

अंजूने ताट हातात घेऊन खिडकीशी तिरकं धरलं, बोट फिरवलं.

"गुरुजी, माती लावायची राहिली व्हय?"

"राहिली नाही बाळ," अच्युतराव म्हणाले. "मी लावू दिली नाही."

"चला मग. लावून आनू."

बीदरच्या हवेत वाढलेल्या पोरीपुढे हे लपणार नव्हतंच. धनराजसह तिघं वहाबमियाँकडे गेली. मियाँनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मान हलवली. मियाँनी ताट जरा तापवलं, भिजवलेली माती वर फासली आणि चोळू लागले. थोड्या वेळाने पाण्याने धुतलं. ताट काळंभोर झालं होतं आणि त्यात चांदीची अक्षरं लखलखत होती. तीन भाषांत.

अंजूने वाचलं. मराठी वाचलं, कन्नड वाचलं. उर्दू येत नव्हतं, पण तिथंही तेच असणार हे तिला कळलं. धनराजने तोंड फिरवलं.

"हे कधी करायला टाकलं, गुरुजी?"

"शर्यतीच्या आधी दहा दिवस. चुकलंच माझं."

"टीममधल्या एकीलाबी वाटत नव्हतं," अंजू म्हणाली. "आमच्या कोचलाबी न्हाई. पाचवं आलो तरी पेढे वाटू म्हनत होते. गोल्ड मिळंल असं वाटनारं एकबी मानूस न्हवतं ओ." तिने अक्षरांकडे बोट दाखवलं. "तुमी तर चांदीत ठोकून ठेवलं."

अच्युतरावांना काही दिसेनासं झालं. तेलाचा हात फिरवून वहाबमियाँनी ताट त्यांच्याकडे दिलं, कारण द्यायचं ते मास्तरांच्याच हातून. "दोनों हाथ से पकड़ो साब, तेल लगा है." अच्युतरावांनी दोन्ही हातांनी ते अंजूपुढे केलं. तिने हात पुढे केला. आणि दोघांच्या हातांमधून ताट खाली गेलं.

खणकन आवाज झाला. काठाचा चांगला टवका उडाला. अच्युतराव आपल्या रिकाम्या हातांकडे बघत उभे राहिले.

"अंजू, मला वाटलं तू धरलंस."

अंजू एकदम हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी हसतच राहिली.

"मला वाटलं अजून तुमीच धरलाव," ती म्हणाली. "असंच होतंय गुरुजी. अगदी असंच."

वहाबमियाँ काठ घासून देतो म्हणाले. तिने घासू दिला नाही. ताट काखेत धरून ती पायरीवर गेली आणि फोन लावला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"सुमन? हाँ, मैं. सुन तो, रो मत. अभी मेरे गुरुजी ने भी गिराया... हाँ, सच्ची! साठ के ऊपर के हैं, पळले बी न्हाईत, खड़े खड़े गिराया." ती पुन्हा हसली. "मंगलवार को आ रही. हम दोनों पहले वही करेंगे, देना और लेना. सौ बार."

आत अच्युतराव गुडघे टेकून फरशीवर टवका शोधत होते. धनराज त्यांच्या शेजारी ओणवा झाला.

"ऱ्हाऊ द्या की गुरुजी."

"तसं नाही रे. वहीत आता एक रकाना वाढवायला पाहिजे," अच्युतराव म्हणाले, आणि सापडलेला टवका त्यांनी नीट रुमालात बांधला.