सुभेदारांचा शॉवर

आमच्या शेजारचे सुभेदार बिघडलेल्या वस्तूंना शिक्षा करतात. गळका नळ असो, वाकडी कडी असो, ते ती काढून आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर भर उन्हात ठेवतात आणि ओरडतात, "उबा ऱ्हा हितं! दिवसभर!" फौजेतून निवृत्त होऊन इस्लामपुरात घर बांधलं, पण हाताखाली जवान नाहीत, म्हणून हा माणूस नळांची परेड घेतो. लोकांना त्याचं कौतुक आहे. मला नाही. ती भिंत अर्धी माझी आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात शॉवर शिरला. कारण रास्त होतं, ते आधीच सांगतो, नाहीतर मीच दुष्ट ठरेन. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अंगणात घसरून पडल्या होत्या. खांदा जुळला, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. तांब्यानं डोक्यावर पाणी घेता येईना. मग सुभेदारच त्यांना अंघोळ घालायचे, आणि काकींना ते मुळीच रुचत नव्हतं. "माजी मला अंगूळ करता आली पायजे. दार लावून," असं त्यांनी माझ्या बायकोसमोर नवऱ्याला बजावलं होतं.

प्लंबर रफिकभाई आले, गच्चीवरचा सोलर आणि त्याच्या शेजारची टाकी बघून म्हणाले, "सुभेदार, टाकी लय खाली हाय. शॉवरला नुस्ती बारीक धार पडंल. छोटी मोटर बसवू, तासाभरात काम व्हतंय."

"मोटर न्हाई बसवायची."

"आवं पन का?"

"न्हाई म्हंजे न्हाई! सिव्हिलियन अक्कल मला शिकवू नगा!"

रफिकभाईंनी पाना पिशवीत टाकला आणि ते चालते झाले. त्या माणसाचा काय दोष होता? पण सुभेदारांना बरंच झालं. त्यांनी स्वतःच पाइप कापायला घेतले.

पहिला पराक्रम असा. शॉवरला गरम पाणी सोलरचं जोडलं आणि गार पाणी थेट रस्त्यावरच्या नळाच्या लाइनचं, कारण काय, तर "त्याला जोर लय हाय." जोर होताच. सकाळी नळाला पाणी आलं आणि ते शॉवरमधून पडायच्या ऐवजी गरम पाण्याच्या पाइपात घुसलं, उलटं वर चढलं, सोलर भरून त्याच्या हवेच्या नळीतून कारंज्यासारखं उडालं आणि शेजारच्या आमच्या गच्चीवर कोसळलं. तिथं माझ्या बायकोनं पहाटे उठून, चीक शिजवून घातलेल्या कुरडया वाळत होत्या. सगळ्याचा पांढरा चिखल झाला.

"अहो सुभेदार, कुरडया गेल्या की आमच्या!" मी गच्चीवरून किंचाळलो.

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी हातातल्या व्हॉल्व्हकडे बघितलं. "गद्दार!" म्हणाले, आणि व्हॉल्व्ह माझ्या भिंतीवर उन्हात गेला. माफी वगैरे काही नाही. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू पाइप मीच जोडला होता.

मग त्यांनी गार आणि गरम दोन्ही एकाच टाकीवर घेतलं, ते बरोबर केलं. पण जोर येईना. म्हणून टाकी उचलायची ठरली. विटांचा चौथरा बांधला, टाकी चढवली, शॉवर बघितला, शिव्या दिल्या, टाकी उतरवली, आणखी विटा लावल्या. माझी दुपारची झोप गेली. स्कूटरवर सिमेंट सांडलं. वर कुठलासा जोड गळायला लागला आणि त्यांच्या घराला लागून असलेल्या माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल आली.

"मोटर मी आणून देतो, माझ्या पैशानं!" मी ओरडलो. "पण हे थांबवा!"

"तुज्या मोटरनं माजं काम व्हायाचं न्हाई, गड्या," ते चौथऱ्यावरून म्हणाले. असा हट्टी, असा आडमुठा माणूस मी सातारा-सांगलीत दुसरा बघितला नाही.

एका सकाळी ओल पलंगापर्यंत उतरलेली दिसली आणि माझं डोकं फिरलं. तसाच बनियनवर त्यांच्या घरात शिरलो. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं.

सुभेदार न्हाणीघराच्या बंद दाराला कान लावून स्टुलावर बसले होते. मी तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या माणसानं! आत शॉवर चालू होता. पाणी जोराचं नव्हतं, पण भरघोस पडत होतं. आणि त्यातून बांगड्यांचा आवाज येत होता.

"बांगड्या वाजत्यात तवर बरं हाय," ते कुजबुजले. "थांबल्या की दार ढकलायचं. कडी ढिली करून ठेवलीया, तिला ठाव न्हाई. मोटर घुमाय लागली तर ह्ये ऐकू ईल व्हय मला?"

ओलीचा, कुरडयांचा, स्कूटरचा राग गेला नव्हता, पण आता ओरडता येईना.

तेवढ्यात बांगड्या थांबल्या. सुभेदार ताडकन उठले. त्यांनी दारावर हात टेकला.

"आवं!" आतून काकींचा चिडका आवाज आला. "दाराशी बसलाय व्हय?"

सुभेदारांनी डोळे मिटून श्वास सोडला. मग पाय न वाजवता मागं मागं सरकत पार परसदारापर्यंत गेले, आणि तिथून ओरडले, "न्हाई! मी गच्चीवर हाय!"